सीडी प्लेयर की टर्नटेबल? घरी गाणं ऐकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या हॉलमधल्या बैठ्या कपाटावर टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आहे आणि त्याच्या खालच्या कप्प्यात सीडी प्लेयर. त्यामुळे घरी आलेलं गाण्यातलं माणूस चहा होईपर्यंत हा विषय काढतंच. खालचे प्रश्न अशाच गप्पांतून आणि फोनवरून माझ्यापर्यंत आले. उत्तरं लिहिताना शास्त्रीय संगीत, नाट्यगीतं, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी ऐकणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण मी स्वतः तेच ऐकते.

फार खोलात न जाता सांगा, काय घेऊ?

घरात आधीपासून काय आहे ते बघा आणि त्याप्रमाणे घ्या. माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या पन्नास-शंभर रेकॉर्ड्स असतील आणि त्या वाकलेल्या, चिरलेल्या नसतील, तर टर्नटेबल घ्या. एकही रेकॉर्ड नसेल आणि पहिल्यापासून सुरुवात असेल, तर सीडी प्लेयर घ्या. आधी यंत्र आणायचं आणि मग त्याच्यावर लावायला संगीत शोधत हिंडायचं, हा मार्ग महागात पडतो. नवी रेकॉर्ड दोन-तीन हजारांच्या घरात जाते. आपल्याला हव्या असलेल्या गाण्याची ती मिळेलच असं नाही. वर्षभरात पाच-सहा रेकॉर्ड्स जमतात, त्याच त्याच ऐकून कंटाळा येतो आणि टर्नटेबलवर कापड पडतं. ओळखीच्या तीन घरांत हे झालेलं मी पाहिलं आहे. जुन्या बाजारात सीडी मात्र आजही शे-दोनशे रुपयांत मिळते.

पण रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा चांगला असतो ना?

मोजून पाहिलं तर नाही. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटमध्ये टिपलेला असतो. अगदी हलक्या आणि अगदी मोठ्या आवाजातलं अंतर तिच्यावर सुमारे ९६ डेसिबलपर्यंत मावतं. उत्तम रेकॉर्डवर ते साठ-सत्तरपर्यंत जातं. डावा-उजवा आवाज वेगळा ठेवण्यातही सीडी खूपच पुढे आहे. शिवाय तिचा वेग स्फटिकाच्या घड्याळावर बांधलेला असतो, त्यामुळे सूर हलत नाही. सोनीने १९८२च्या ऑक्टोबरमध्ये सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेयर जपानमध्ये विकायला काढला, तेव्हापासून हे असंच आहे.

तरीही रेकॉर्डवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. माझ्याकडे एकाच मैफलीची रेकॉर्डही आहे आणि बऱ्याच वर्षांनी निघालेली सीडीही. रेकॉर्ड लावली की गवई सूर लावायच्या आधी काही सेकंद नुसता तानपुरा ऐकू येतो. खर्जाच्या तारेवर बोट पडलं की जवारीतून एक बारीक, चमकदार रेघ उठते आणि जोडाच्या तारांपर्यंत रेंगाळते. सीडी काढताना कुणीतरी जुन्या टेपची खरखर घालवली, आणि तिच्याबरोबर ही रेघही गेली. तानपुरा शिल्लक आहे, पण त्याच्यावर पांघरूण टाकल्यासारखा वाटतो. यात सीडी या माध्यमाचा काहीच दोष नाही. तिच्यावर उतरवताना जे केलं गेलं त्याचा हा परिणाम आहे.

उलटंही तितकंच घडतं. भावगीतांची एक रेकॉर्ड मी मोठ्या हौसेने घेतली. छपाईच इतकी वाईट होती की प्रत्येक फेऱ्याला ‘सुर्र’ असा आवाज यायचा. त्याच गाण्यांच्या सीडीवर व्हायोलिनच्या दोन ओळी वेगवेगळ्या ऐकू आल्या, तेव्हा त्या गाण्यात दोन ओळी आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. त्यामुळे ‘रेकॉर्ड चांगली की सीडी’ असं न विचारता ‘या गाण्याची कोणती आवृत्ती चांगली’ असं विचारावं.

शास्त्रीय संगीतासाठी दोन्हींपैकी काय बरं?

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

आपलं संगीत सुरुवातीपासून तबकडीच्या मापात बसवावं लागलं. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत होती. पुढची चाळीसेक वर्षं मोठमोठ्या गवयांनी तेवढ्या वेळात बंदिश, आलाप आणि ताना बसवल्या. ती एक वेगळीच कला होती आणि तिच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले रेकॉर्ड आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. विलंबित ख्याल पहिल्यांदा नीट श्वास घेऊ शकला. सीडीवर सलग ७४ मिनिटं मिळाली आणि रेकॉर्ड उलटायला उठणंही थांबलं.

आता एक गोष्ट जी मी खूप उशिरा शिकले. रेकॉर्ड सगळीकडे सारख्याच फेऱ्यांनी फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. म्हणून आतल्या भागात आवाज फाटायची शक्यता सगळ्यात जास्त. आपल्या ख्यालाची रचना आठवा. संथ आलाप आधी येतो, म्हणजे बाहेरच्या प्रशस्त भागात. द्रुत बंदिश, तार सप्तकातल्या ताना आणि तबल्याची गर्दी शेवटी येते, नेमकी जिथे रेकॉर्ड सगळ्यात दुबळी असते तिथे. झिजलेल्या सुईने ऐकलं तर वरच्या षड्जावर आवाज किरकिरतो, आणि गाणारीचा गळा चढत नव्हता असं वाटतं. तिच्यावर तो अन्याय आहे. गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल टोकाची सुई बसवली की पुष्कळ सुधारणा होते, कारण ती खाचेच्या बारीक वळणांत शिरते.

सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि जसजसं बाहेर जाईल तसतसे तिचे फेरे मिनिटाला सुमारे ५०० पासून २०० पर्यंत कमी होतात. वाचण्याचा वेग त्यामुळे सारखाच राहतो आणि पहिल्या आलापाला जी स्वच्छता मिळते तीच शेवटच्या तराण्याला मिळते. पूर्ण रागाच्या मांडणीसाठी मी म्हणूनच सीडी लावते. पण १९६० ते १९८० च्या दरम्यान निघालेल्या कितीतरी मैफली नीट सीडीवर आल्याच नाहीत, किंवा आल्या त्या कापून आल्या. त्यांच्यासाठी रेकॉर्डशिवाय पर्याय नाही.

टर्नटेबल थेट ॲम्पला जोडलं तर चालतं का?

ॲम्पच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, मागे ‘फोनो’ असं लिहिलेली जागा असेल तर चालतं. नसेल तर मधे फोनो प्रीॲम्प लागतो. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये तो आतच असतो आणि मागच्या छोट्या बटणाने चालू-बंद करता येतो.

सीडी प्लेयरमधून सुमारे दोन व्होल्टचा सिग्नल येतो. टर्नटेबलच्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई जिला बसवलेली असते ती डबी) येतो पाच मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे चारशे पटीने कमी. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तीव्र स्वर उचललेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाचा एकमेकींत घुसतील, म्हणून ही सोय. प्रीॲम्प सिग्नल मोठा करतो आणि ही दाबलेली-उचललेली बाजू उलटी फिरवून मूळ पदावर आणतो. तो नसताना ऐकलं तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. ‘नवीन टर्नटेबल बिघडलेलं आलं’ म्हणून फोन येतात, त्यातल्या निम्म्या वेळा कारण हेच असतं. आणि दोन्हीकडचे प्रीॲम्प एकदम चालू राहिले तर आवाज फुटतो, तेही तपासा.

‘घूंऽऽ’ असा सतत आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर ॲम्पच्या स्क्रूला लावली आहे का बघा. जुन्या इमारतींत भिंतीतल्या प्लगलाच अर्थिंग नसतं. तिथे आधी वायरमनला बोलवा, नवा प्रीॲम्प नंतर घ्या.

अमेरिकेतला भाऊ त्याचं जुनं टर्नटेबल देतोय. आणू का?

आणायच्या आधी त्याला मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. तिकडे वीज ११० ते १२० व्होल्टची, इकडे २३० ची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो. लोक विसरतात ती वारंवारता. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. अनेक जुन्या टर्नटेबलच्या मोटरचा वेग या वारंवारतेवरच ठरतो, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. असं टर्नटेबल इथे सहा भागांतला एक भाग हळू फिरतं.

कानाला काय होतं ते सांगते. सहाला पाच हे प्रमाण म्हणजे तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त उतार. पेटीवरच्या काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज पांढरी चारच्याही जरासा खाली जातो. लय मंदावते, तबला जड होतो, बाईंचा आवाज पुरुषी वाटायला लागतो. माझ्या मावशीकडे असंच एक टर्नटेबल आलं होतं. तिने दोन महिने ‘पूर्वी आपण ऐकायचो तसं हे वाटत नाही, आता कान गेले बहुतेक’ असं म्हणत काढले. कान शाबूत होते. मी पेटी काढून सूर लावून दाखवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल, किंवा भिंतीतल्या ॲडॉप्टरवर चालणारी डीसी मोटर असेल, तर निर्धास्त आणा. काही मॉडेलमध्ये मोटरवरची कप्पी बदलून ५० हर्ट्झला जुळवता येतं. कप्पी मिळते का, हे आधी विचारून घ्या.

घरी वेग तपासायला काही विकत घ्यायला नको. रेकॉर्डच्या कडेला कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवा आणि तीन मिनिटं फेरे मोजा. बरोबर शंभर व्हायला हवेत. मावशीकडे त्र्याऐंशी भरले होते.

बेल्ट ड्राइव्ह की डायरेक्ट ड्राइव्ह?

पहिल्यात मोटर रबरी बेल्टने तबक फिरवते, दुसऱ्यात थेट. घरच्या ऐकण्यासाठी दोन्ही चालतात. बेल्ट काही वर्षांनी सैल पडतो आणि बदलावा लागतो. आपल्या उष्ण हवेत जरा लवकरच. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये बेल्टची कटकट नाही. १९७२ साली आलेलं याच प्रकारचं टेक्निक्सचं एसएल-१२०० आजही जुन्या बाजारात चालू अवस्थेत सापडतं, यावरून काय ते समजा.

सूटकेससारखे छोटे रेकॉर्ड प्लेयर स्वस्तात मिळतात. सुरुवातीला तेवढं बास नाही का?

नाही. इथे माझं मत ठाम आहे. त्यातल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत असतो. चांगल्या टर्नटेबलवर तो दीड ते दोन ग्रॅम ठेवतात. दाब कमी-जास्त करायची सोयही त्यात नसते, आणि डब्यातच बसवलेल्या स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते. नवीन छापलेली, पुन्हा सहज मिळणारी रेकॉर्ड असेल तर तुमची मर्जी. पण आजोबांनी जपलेली, आता कुठेच न मिळणारी रेकॉर्ड त्याच्यावर लावू नका. पैसे जमेपर्यंत सहा महिने थांबा.

दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा समजही चुकीचा आहे. फार हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि भिंतींना टोचे पाडते. कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला आकडा पाळा. मोजायला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच.

सुई किती दिवस टिकते?

हिऱ्याची सुई ५०० ते १,००० तास. रोज एक लाँग प्ले, दोन्ही बाजू, म्हणजे पाऊण तास धरला तर पाचशे तास व्हायला पावणेदोन वर्षं लागतात. जुनं टर्नटेबल घेतलं तर विकणारा काहीही सांगो, सुई नवी घाला. तिच्यावर किती तास गेलेत हे त्यालाही माहीत नसतं.

टर्नटेबल ठेवायचं कुठे?

जिथे ते हलणार नाही आणि कुणी त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवणार नाही तिथे. स्पीकर ज्या टेबलावर आहेत त्याच टेबलावर तर अजिबात नको.

आपल्या सिमेंटच्या घरांत जमीन हलत नाही, ही मोठी जमेची बाजू. लाकडी जमिनीच्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत मात्र कुणी खोलीतून चालत गेलं तरी सुई उडते. तिथे भिंतीत पक्की केलेली फळी हा एकमेव उपाय. मी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा घासून घेतला आणि खाली रबराचे चार जाड तुकडे लावले. गवंड्याची पाणसळ आडवी आणि उभी ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या. अर्धा तास गेला, पण त्यानंतर सुई लेबलकडे ओढली जायची ती बंद झाली. पंख्याच्या थेट खाली ठेवाल तर धूळ बसेल. झाकण वापरा.

सीडी प्लेयर कुठेही ठेवा, फक्त ॲम्पच्या डोक्यावर नको. तिथे उष्णता फार लागते.

कोकणात राहतो. पावसाळ्यात रेकॉर्ड्स टिकतील का?

टिकतात, पण लक्ष द्यावं लागतं. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कागदी पाकिटं तो शोषून घेतात आणि रेकॉर्डवर बुरशी धरते. उजेडात तिरकी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके ठिपके दिसतात. बाबांच्या रेकॉर्ड्स आम्ही अकरा वर्षं माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्या होत्या. संरक्षण म्हणून बांधल्या आणि आतला ओलावा आतच कोंडला. उघडल्या तेव्हा वरची वेष्टणं एकमेकांना चिकटलेली होती आणि एकाच्या पाठीवरचा बाबांच्या हातचा मजकूर, कुणी कधी भेट दिली तो, शाईसकट निघून आला. रेकॉर्ड्स धुऊन वाचल्या. तो मजकूर गेला तो गेलाच.

म्हणून सांगते. माळा नको, पोटमाळा नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, फार दाटीवाटीने नाही. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. श्रावणात कोरडं ऊन पडलं की कपाटाचं दार दोन तास उघडं ठेवा, पण रेकॉर्ड उन्हात नेऊ नका. वाकायला अर्धा तासही पुरतो. आणि ऐकत राहा. हाताळल्या जाणाऱ्या रेकॉर्ड्सना बुरशी क्वचितच धरते.

सीडीला बंद डबीत एवढा त्रास होत नाही. आतली छापील पुस्तिका मात्र चिकटते.

बुरशी धरलेली रेकॉर्ड धुवायची कशी?

मोरीत नाही, जेवणाच्या टेबलावर. खाली जुना पंचा अंथरा. फिल्टरचं साधं पाणी, त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब. अगदी मऊ केसांचा रुंद ब्रश त्यात बुडवा आणि खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, फिरवा. आडवा कधीच नको. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका, तिथे तळहात ठेवा. मग साबण जाईपर्यंत दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असेल तर उत्तम. बोअरवेलच्या पाण्याने शेवट केलात तर क्षार खाचांत वाळून बसतात आणि खरखर पहिल्यापेक्षा वाढते. ताटं उभी ठेवायच्या जाळीत रेकॉर्ड रात्रभर वाळू द्या. जुनं पाकीट फेकून नवं घाला, नाहीतर बुरशी परत येते.

पहिल्यांदा वाजवाल तेव्हा सुईवर राखाडी कापसासारखा गोळा जमेल. घाबरू नका. खाचेच्या तळातली घाण वर येते आहे. सुई मागून पुढे हलक्या ब्रशने पुसा, दुसऱ्यांदा वाजवा, आवाज स्वच्छ होत जातो.

जुना सीडी प्लेयर घेणं शहाणपणाचं आहे का?

आहे, पण ऐकून घ्या. लेझरची ताकद वर्षांनुवर्षं कमी होत जाते आणि भिंगावर धूळ बसते. एका दुकानात मला प्लेयर दाखवताना पहिलं गाणं छान वाजवून दाखवलं. घरी आणला तर चाळिसाव्या मिनिटानंतर अडखळायला लागला. तेव्हापासून मी सोबत सत्तर मिनिटांहून मोठी सीडी नेते आणि दुकानात आधी शेवटचं गाणं लावते. शेवटचं गाणं बाहेरच्या कडेला असतं, भिंगाला तिथपर्यंत सरकावं लागतं, आणि थकलेलं यंत्र तिथेच उघडं पडतं. ट्रे तीन-चार वेळा उघडून मिटून बघा. आतला छोटा बेल्ट सैल असेल तर तो अडतो; हे दुरुस्त होतं आणि स्वस्तात होतं. लेझर गेलेला असेल तर सोडून द्या.

घरात जुना डीव्हीडी प्लेयर असेल तर नवं काही घ्यायच्या आधी त्याच्या मागे बघा. ‘कोएक्सिअल’ किंवा ‘ऑप्टिकल’ असं भोक असेल तर तिथून डिजिटल सिग्नल बाहेरच्या डॅकला (आकड्यांचा आवाज करणाऱ्या डबीला) देता येतो, आणि मग आवाजाचा दर्जा डॅकवर ठरतो. मी चार वर्षं असंच ऐकलं.

सीडीवर ओरखडे आलेत. गेली का?

चमकत्या बाजूवर बारीक ओरखडे असतील तर बहुतेक वेळा वाजते. सीडीत चुका दुरुस्त करण्याची अशी योजना आहे की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा भाग सलग वाचता आला नाही तरी मूळ आकडे परत मिळवता येतात. म्हणून पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं आणि चरा पडला, तर तो माहितीच्या रेषेबरोबर जातो आणि अडीच मिलिमीटरची मर्यादा लगेच ओलांडतो. खरी नाजूक बाजू छापील आहे. तिच्याखाली लगेच ॲल्युमिनियमचा थर असतो. तिथे पेनाने टोचलं, चिकटपट्टी ओढून काढली, की दुरुस्ती नाही.

सगळं मोबाईलवर मिळतं. मग हे दोन्ही कशाला?

सगळं मिळत नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या संस्थांनी काढलेल्या कॅसेट आणि सीडी पाहिल्या की हे कळतं. मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६मध्ये बंद झालं तेव्हा एक अख्खा जिना, एक अख्खं दालन गेलं. त्यातलं पुष्कळसं अजून लोकांच्या घरी डब्यांत पडून आहे. शिवाय सीडीच्या पुस्तिकेत साथीला कोण होतं ते छापलेलं असतं. मोबाईलवर तबलजीचं नावच नसतं बऱ्याचदा, आणि मला ते फार लागतं. सीडी संगणकावर जशीच्या तशी उतरवून ठेवता येते, तीही दहा मिनिटांत. रेकॉर्ड उतरवायला तितकाच वेळ बसावं लागतं.

पैसे मोजकेच आहेत. कशावर किती घालवू?

निम्मे स्पीकरवर. उरलेल्यात ॲम्प आणि यंत्र. वाईट स्पीकरवर उत्तम टर्नटेबलचा काही उपयोग नाही. आणि ज्यावर काहीच खर्च नाही ते आधी करा. लादीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. समोर जाड सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा, स्पीकर कानाच्या उंचीवर आणा. आमच्याकडे आजीची गोधडी भिंतीवर टांगली आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमारी आवाक्यात आली.

ब्लूटूथ असलेलं टर्नटेबल कसं?

सोय म्हणून ठीक. वायरने जोडायची जागाही असेल असंच घ्या.

माळ्यावर जड, काळ्या, ठिसूळ तबकड्या सापडल्यात. त्या यावर वाजतील?

त्या ७८ फेऱ्यांच्या असणार. लाखेच्या, आणि ती लाख बहुधा आपल्याच देशातली. बहुतेक नव्या टर्नटेबलवर ७८चा वेग नसतो, म्हणून घेतानाच विचारा. वेग असला तरी सुई वेगळी लागते. लाँग प्लेची सुई त्यांच्या रुंद खाचेत तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त उचलते. ७८साठी साधारण चौपट जाड टोकाची सुई मिळते. उलट, जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लाँग प्ले चुकूनही लावू नका. त्याच्या लोखंडी पिनेचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो.

सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या बरोबर ७८वर कापलेल्या नाहीत. वेग थोडा कमी-जास्त करता येणारं यंत्र असेल तर गायकाची पट्टी माहीत असलेल्या जाणकाराला शेजारी बसवा आणि पेटीच्या सुराला मिळेपर्यंत फिरवा. शेवटपर्यंत ऐका. काही जुन्या तबकड्यांत गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते, कारण साचे परदेशात तयार व्हायचे आणि तिथल्या माणसांना ओळख पटायला हवी होती.

स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते. नुसता किंचित ओला कपडा पुरे. काय हातात आलंय ते कळत नसेल तर लेबलवरचा क्रमांक लिहून घ्या आणि मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींना विचारा. तिथली माणसं आयुष्यभर याच कामात आहेत. तोवर प्रत्येक तबकडी वेगळ्या कागदात घालून उभी ठेवा, आणि उचलताना दोन्ही हातांनी, एक हात खालून लावून उचला.